पिनपंडित

छत्रपती संभाजीनगरातील पैठण गेटाच्या परिसरात, जिथे मोबाइलची काच, बॅटरी, कव्हर आणि चार्जर यांचा बाजार अखंड भरलेला असतो, तिथे संध्याकाळच्या सुमारास एखादे सडपातळ, साठी उलटलेले, चष्मा कपाळावर चढवलेले गृहस्थ दुकानदाराशी तत्त्वचर्चा करताना दिसले, तर ते गिऱ्हाईक आहेत असा समज वाचकांनी करून घेऊ नये. ते काही विकत घेण्यास आलेले नसतात. बाजारात येणाऱ्या प्रत्येक पिनेवर देखरेख ठेवण्याचे जे काम कोणत्याही सरकारने त्यांच्याकडे सोपवलेले नाही, ते काम ते बिनपगारी आणि बिनसुट्टीचे बजावीत असतात. सिडकोच्या एन-क्रमांकी वसाहतींत, गारखेड्यात, उस्मानपुऱ्यात यांचा एक तरी प्रतिनिधी असतोच, आणि कुणाचाही हेडफोन कुणाच्याही मोबाइलला जोडून देणे हे त्यांचे जीवितकार्य असते. लोक त्यांना तोंडावर ‘काका’ आणि माघारी ‘पिनपंडित’ म्हणतात. ही दुसरी पदवी त्यांच्या कानावर गेलेली असते, आणि तिच्याविरुद्ध त्यांनी हरकत नोंदवल्याचे ऐकिवात नाही.

या जातीचा उगम बहुधा दूरध्वनी खात्यात सापडतो. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगमाच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली देशभरातील ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी सेवामुक्त झाले, आणि त्यांच्यापैकी ज्यांनी आपली उमेदीची वर्षे ट्रंक एक्स्चेंजच्या फलकासमोर, कानांवर हेडसेट चढवून, दोऱ्यांची टोके एका छिद्रातून उपसून दुसऱ्यात खुपसण्यात वेचली होती, त्यांचे हात अकस्मात रिकामे झाले. जोडणीचे व्यसन मात्र सेवापुस्तकाबरोबर दफ्तरी दाखल होत नाही. शिवाय पंडितांच्या बाजूने इतिहासाचा भक्कम दाखला आहे. गिटारीच्या तारेला आणि स्टुडिओतल्या हेडफोनला जी पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची जाड पिन असते, ती मूळची एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन स्विचबोर्डाची. आणि १९७९ साली आलेल्या वॉकमनने जी घरोघर पोचवली, ती ३.५ मिलिमीटरची बारीक पिन तिच्याच वंशातली. पिनेच्या टोकाला टिप, मधल्या कड्याला रिंग आणि बुंध्याला स्लीव्ह म्हणावे, हा शिरस्ताही खात्याचाच. तेव्हा जगातल्या यच्चयावत मोबाइल कंपन्या या आपल्या खात्याची कुळे असून त्यांनी कित्येक वर्षांचा खंड थकवला आहे, अशी पंडितांची कायमची कैफियत असते.

त्यांचे दफ्तर म्हणजे मिठाईचा एक जुना पत्र्याचा डबा. त्यात नोकियाच्या पॉप-पोर्टचे रुंद तोंड असते, सोनी एरिक्सनच्या बाजूने चिकटणाऱ्या जोडणीचे चपटे तोंड असते, अडीच मिलिमीटरची ती नाजूक पिन असते जिचे मोबाइल आता भंगारातही मिळत नाहीत, आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी असते, तिच्यावर बारीक अक्षरांत पिनेचे कूळ व मूळ नोंदलेले असते. २००७ सालच्या पहिल्या आयफोनचे छिद्र इतके खोलगट होते की इतरांच्या जाड बुंध्याच्या पिना आत पोचतच नसत, हे पंडित आजही अशा स्वरात सांगतात, जणू त्या प्रकरणाचा निवाडा अद्याप व्हायचा आहे.

पण पंडितांची खरी प्रज्ञा पाहायची असेल, तर एखादे अवघड प्रकरण त्यांच्यासमोर दाखल व्हावे लागते. शेजारच्या मुलाने धावत येऊन सांगितले, “काका, आजीच्या भजनातले बुवाच गेले! टाळ ऐकू येतात, पेटी ऐकू येते, बुवा नाहीत.”

दुसऱ्या कुणी मोबाइल आपटून पाहिला असता. पंडितांनी चष्मा नाकावर उतरवला, पिन उजेडाकडे धरली आणि विचारले, “बाळ, पिनेवर काळ्या रेघा किती?”

“तीन.”

“म्हणजे घरं चार. डावा कान, उजवा कान, अर्थिंग आणि माइक. भांडण शेवटच्या दोन घरांचं आहे.”

आणि भांडण खरोखरच तिथे असते. चार घरांच्या पिनेबाबत जगात दोन फर्माने निघाली: एकात तिसरे घर अर्थिंगचे आणि चौथे माइकचे, तर दुसऱ्यात नेमके उलट. मोबाइल एका फर्मानाचा आणि हँड्सफ्री दुसऱ्याचा असला, म्हणजे कानांना अर्थिंग धड मिळत नाही. मग डाव्या-उजव्या बाजूंचा प्रवाह एकमेकांतूनच वाट काढू लागतो, आणि दोन्ही बाजूंना जे सारखे असते ते परस्परांना छेदून नाहीसे होते. ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज सामान्यतः मध्यभागी, म्हणजे दोन्हीकडे सारखाच ठेवलेला असल्यामुळे पहिला बळी त्याचाच जातो. कडेकडेची वाद्ये तेवढी पोकळ आवाजात मागे उरतात. अशा वेळी तारेवरचे बटण दाबले की माइकचे घर आणि अर्थिंगचे घर आपसांत जोडले जाते आणि अंतर्धान पावलेले बुवा तत्क्षणी प्रकट होतात. पंडितांनी आजींना तसे करून दाखवले आणि शेवटची दोन घरे अदलाबदल करणारा कन्व्हर्टर डब्यात शोधायला ते घरी गेले. डबा उघडला म्हणजे माणूस त्यात किती रमेल याला मुदत नसते. इकडे आजी अख्खी एकादशी बटण दाबून बसल्या, आणि हा उपवासाचाच काही नवा नियम असावा अशी त्यांची समजूत झाली.

२०१६ साली आयफोन ७ ने ३.५ चे छिद्रच बुजवले आणि पाठोपाठ इतरांनीही ते बुजवायला आरंभ केला, तेव्हा पंडितांनी सुतक पाळले असे त्यांच्या घरचे सांगतात. पुढे टाइप-सीच्या तोंडातून हेडफोन लावण्याची सोय झाली आणि त्यांच्या प्रज्ञेला नवे कुरण मिळाले. काही मोबाइल त्या तोंडातून तयार आवाज देतात, काही नुसते आकडे देतात. आकड्यांचा आवाज करणारी चिप, म्हणजे डॅक, कन्व्हर्टरच्या पोटात नसेल, तर असल्या मोबाइलला तो लावूनही शांतता कायम राहते. ही गोष्ट पैठण गेटावर पटवून देणे हा त्यांचा नित्याचा व्यायाम आहे.

“चाचा, सब में चलता है.”

“सबमें म्हणजे कशामें? इसके अंदर डॅक आहे का?”

“चाचा, अंदर क्या है वो कंपनी जाने. पचास कम कर दूँगा.”

पंडित पन्नास रुपयांसाठी आलेले नसतात, आणि ते एव्हाना दुकानदारालाही कळून चुकलेले असते; तो त्यांना स्टूल देतो.

ब्लूटूथविषयी त्यांचे मत प्रतिकूल आहे. गाणी बरी वाजतात, पण त्याच बड्समधून फोन घेतला की माइकची वाट उघडावी लागते, जुनी संभाषणाची पद्धत चालू होते आणि आवाज खोल विहिरीतून यावा तसा येतो, हा त्यांचा जाहीर आक्षेप. मोबाइलमधल्या एफएम रेडिओला हँड्सफ्रीची तारच एरियल म्हणून लागते, हा दुसरा. खरा आक्षेप ते बोलत नाहीत. ज्यात खुपसण्यासारखे काही नाही, ते जोडले गेले यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

या सर्व उद्योगात एक उणीव आहे आणि ती त्यांच्या पत्नीच्या ध्यानी फार पूर्वीच आली आहे: पंडित ऐकत कधीच नाहीत. डावा वाजला, उजवा वाजला, मान डोलली, की पिन बाहेर. “अहो, एकदा तरी गाणं शेवटपर्यंत ऐका,” असे त्यांनी म्हटले, की पंडित १६१० मध्ये हे शहर खडकी म्हणून वसवणाऱ्या मलिक अंबराचा दाखला देतात: त्याने जमिनीखालून नहर आणून शहराला पाणी पाजले, तो स्वतः काय प्रत्येक हौदाशी पेला घेऊन बसला होता? या युक्तिवादाला माझ्यापाशीही उत्तर नाही. ध्वनीची वाट मोकळी करून देणाऱ्याने त्या वाटेने स्वतः चाललेच पाहिजे, असा कायदा नाही.

तरी वाचकांस एक सूचना करून ठेवतो. हेडफोन एकाच कानाने बोलू लागला, तर आधी छिद्रात खिशातला कापूस साचला आहे का ते पाहावे. मोबाइल बंद करून लाकडी टूथपिकने तो हलकेच काढला की पुष्कळ दुखणी तिथेच मिटतात. न मिटले तर खुशाल पंडितांकडे जावे. काम चोख होते आणि ते पैसे घेत नाहीत. मात्र घरी दुसरा हेडफोन ठेवूनच जावे, कारण पहिला परत कधी मिळेल याची तारीख त्यांनी आजवर कुणालाही दिलेली नाही.