अर्ध्या सामन्याचे प्रायश्चित्त

अमेरिकेतील विद्यापीठांच्या दफ्तरी सदाचाराचे मोजमाप सामन्याच्या हिश्शांत कसे होते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने २०१४ सालचे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ पाहावे. आदल्याच वर्षी महाविद्यालयीन फुटबॉलमधील हाइझमन करंडकाचा मानकरी ठरलेला तेथील फुटबॉलपटू जेमिस विन्स्टन याने एका दुकानातून खेकड्यांचे पाय दाम न मोजता उचलले, तेव्हा २० तास समाजसेवा आणि ज्या बेसबॉल-संघातही तो खेळे त्यातून अल्पकाळ निलंबन एवढी सजा त्याच्या वाट्यास आली; बेसबॉल म्हणजे, अर्थात, ज्यावर विद्यापीठाचा खजिना विसंबून नव्हता तो खेळ. पुढे सप्टेंबरात त्याने भर आवारात टेबलावर चढून अश्लील आरोळी ठोकली, त्याबद्दल क्लेमसन विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यातून त्याला वगळण्याचा हुकूम सुटला, पण तो पूर्वार्धापुरताच. मध्यंतरात मनुष्य सच्छील होतो, अशी वरिष्ठांची खात्री असावी. फारच ओरड झाली तेव्हा आदल्या रात्री हुकूमनाम्यात दुरुस्ती होऊन सजा संपूर्ण सामन्याची झाली. तरीही दुसऱ्या दिवशी स्वारी चिलखतासकट सरावाला मैदानात हजर! प्रशिक्षक जिम्बो फिशर यांनी त्याला कपडे उतरविण्यास परत पिटाळले. संघाने जादा वेळेत २३-१७ असा विजय मिळविला, आणि पुढल्या शनिवारी विन्स्टन रीतसर आपल्या जागी रुजू झाला.