सार्वजनिक आजोबा

तालुक्याच्या गावात एखादे आजोबा असे असतात, की ते नक्की कोणाचे हे त्यांच्या घरच्यांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही. वाचनालयाचे कार्यवाह, देवस्थानाचे विश्वस्त, गणेशोत्सव मंडळाचे सल्लागार, व्याख्यानमालेचे निमंत्रक आणि स्मशानभूमी सुधारणा समितीचे सदस्य ही त्यांची मुख्य पदे. नातवंडांचे आजोबा हे पद मानद असते. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातले असेच एक आजोबा या लेखाचा विषय आहेत. ते निवृत्त शिक्षक होते. या वर्गातले बहुतेक आजोबा निवृत्त शिक्षक, पोस्टमास्तर नाहीतर वकिलाकडचे कारकून असतात. म्हणजे अक्षर मोत्यासारखे आणि कुणाला 'नाही' म्हणायची सोय नाही, अशी माणसे.

या परंपरेचे मूळ पुण्यात सापडते. गणेश वासुदेव जोशी यांनी १८७० साली पुणे सार्वजनिक सभा काढली आणि त्या कामात ते असे गुंतले, की लोक त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणू लागले. १८७७ च्या दिल्ली दरबाराला हे काका हातमागाच्या खादीत गेले होते. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. लोकमान्यांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले. पुण्यात जे निघाले ते यथावकाश तालुक्याला पोचले. इतिहासात संस्थापकांची नोंद झाली. सभा उठल्यावर सतरंज्या मोजून घेणाऱ्याची कुठे झालेली दिसत नाही, आणि तालुक्यातली संस्था तर त्या मोजणाऱ्याच्याच जिवावर तगते.

आजोबांचा दिवस तीन कायद्यांवर चाले: १८६० चा संस्था नोंदणीचा, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा आणि १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा. शेवटच्या कायद्याने वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. आजोबांचे वाचनालय 'क' वर्गात होते व ते 'ब' मध्ये जावे हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास होता. नातू कितवीत आहे हे त्यांना अधूनमधून विचारून घ्यावे लागे; वाचनालय कोणत्या वर्गात आहे हे मात्र ते झोपेतून उठवले तरी सांगत. तपासणीच्या दिवशी घरातली झाडून सगळी माणसे आंघोळी उरकून वाचकांच्या बाकावर बसवली जात. एका वर्षी सर्वांत धाकट्या नातवाच्या हाती शेतीचे मासिक आले. त्याने ते मनापासून वाचले आणि रात्रीच्या पंगतीत उसावरच्या लोकरी माव्याचा विषय काढून कुणाला धड जेवू दिले नाही. तपासनिसांचा शेरा समाधानकारक आला. वर्ग 'क' च राहिला.

कार्यकारिणीची सभा घरच्या सोप्यात भरे. सूचना सात दिवस आधी निघे आणि नातवंडे ती वही घेऊन घरोघर सह्या आणत. सूचनेच्या तळाला ठरलेला मजकूर असे: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही. सभासद अनुभवी असल्याने सगळे अर्ध्या तासानेच येत. हा नियम आजोबांच्या इतका अंगवळणी पडला होता, की घरी जेवायला हाक मारली आणि कुणी जागचे हलले नाही, तर ते घड्याळाकडे पाहून शांतपणे एकटेच पाटावर बसत.

सभेचे खरे सूत्रचालन स्वयंपाकघरातून होई. आजी दारातल्या चपलांचे जोड मोजून आधण ठेवी. कुणाला बिनसाखरेचा, कुणाला बशीत ओतून, कुणाला दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय नको, हे तिला पाठ होते. आतून सगळे ऐकू येई. कलश बसवायचा खर्च कोणी करायचा यावर आवाज चढले, की ती नेमकी त्याच वेळी चहाचा ट्रे बाहेर पाठवी. गरम कप हातात असताना टेबलावर मूठ आपटता येत नाही. गावातले निम्मे ठराव या कारणाने एकमताने झाले आहेत. इतिवृत्तात 'साधकबाधक चर्चेअंती' असे आले, की तिथे चहा आला होता असे समजावे. संस्थेच्या जमाखर्चात मात्र 'चहापान' या खात्यावर वर्षानुवर्षे 'निरंक' लिहिलेले असे. लेखापरीक्षक या काटकसरीचे कौतुक करत, तेही आजीचाच चहा पीत. दुधाचा रतीब, साखर आणि फुटलेल्या कपबश्या हिशेबात धरल्या असत्या, तर देणगीदारांच्या संगमरवरी फलकावर पहिले नाव कोणाचे आले असते याबद्दल शंका नको.

भांड्यांचाही असाच घोळ होता. देवस्थानाची पातेली, पराती आणि वाढपे धुऊन वाळवायला घरी येत आणि महिनोन् महिने राहत. प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी देवस्थानाचे नाव कोरलेले. घरातला झारा त्यामुळे पाचसहा वर्षे देवाचाच होता, आणि घरचा झारा कुठल्या तरी भंडाऱ्यात प्रसादाची बुंदी पाडत होता.

वर्गणी हा आजोबांचा हातखंडा प्रयोग. पहिली पावती ते स्वतःच्या नावाने फाडत. मग पेठेतल्या सढळ दुकानदाराकडे जात, आणि तिथून थेट त्याच्याशी न बोलणाऱ्या दुकानदाराकडे. तिथे पैशाचा विषय काढायचा नाही. पावतीपुस्तक उघडून शेजारच्याची स्थळप्रत वर दिसेल असे ठेवायचे आणि पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या. शेजाऱ्याचे एकशे एक दिसले, की समोरून एकशे अकरा निघत. गावातली जुनी वैरे देवळाच्या जीर्णोद्धाराला अशी कामी आली.

व्याख्यानमालेचे वक्ते घरीच उतरत. एसटीतून उतरलेल्या पाहुण्यांना कडकडीत पाणी आणि रात्री मऊ भात द्यायचा, आणि त्यांचा विषय 'ताणमुक्त जीवन' असला तरी ते झोपेपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचे नाही, असा दंडक होता.

पण आजोबांचे नाव झाले ते आभारप्रदर्शनासाठी. या प्रकाराची कोणत्याही साहित्यशास्त्रात गणना नाही, हा शास्त्राचा दोष आहे. भाषण विसरले तर वक्ता रागावतो. आभारात नाव विसरले तर कार्यकर्ता राजीनामा देतो. म्हणून आजोबांची यादी खिशात असे, आणि तिच्यात अध्यक्षांपासून मांडववाला, माइकवाला, पिण्याच्या पाण्याचा टँकर आणि ऐन वेळी वीज न घालवणारे वीज मंडळ यांच्यापर्यंत सगळे येत. क्रमावरून मागे दोन गट पडले होते, त्यामुळे पुढे ते अकारविल्हे झाले. शेवटी 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे' हे शब्द येत. राहून गेलेल्याला त्यात कुठेही बसता येई, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तक्रारीला जागा उरत नसे. व्याख्यान पाऊण तास आणि आभार अर्धा तास, असे बरेचदा होई. जाणकार श्रोते आभारांनाच येत.

स्वतःच्या मुलीच्या लग्नातही त्यांना राहवले नाही. पाठवणीची वेळ झाली, करवल्यांनी डोळ्यांना पदर लावले आणि आजोबांनी माइक हातात घेतला. आचारी, वाजंत्री, बँडवाले, अक्षता वाटणारी मुले, व्याही, विहीणबाई, कार्यालयाचे व्यवस्थापक, सगळे झाले. तोवर रडू आवरून नवरी पुन्हा एकदा हसायला लागली होती आणि व्याह्यांच्या गाडीचा चालक चहा पिऊन आला होता. ज्ञात-अज्ञात सर्वांचे मानून ते खाली बसले. रात्री घर रिकामे झाल्यावर आजीने एवढेच विचारले, "मी ज्ञातात होते का अज्ञातात?" यावर आजोबा, "घरच्यांचे आभार मानायची पद्धत नाही," असे म्हणाले. पद्धत खरोखरच नाही. पण त्या रात्री देवस्थानाची सगळी पातेली त्यांनी स्वतः घासली, असे थोरल्या सुनेने पाहिलेले आहे.

मयताच्या घरी मात्र हेच आजोबा तोंडातून शब्द काढत नसत. मध्यरात्री कुणी दार वाजवले, की ते टोपी घालून निघत. बांबू, सुतळी, कोरे कापड, मडके आणि गोवऱ्या कुठून आणायच्या, कुणाच्या ट्रकची किल्ली कुणाकडे असते, परगावच्या लेकीसाठी किती वेळ थांबता येईल, हे सगळे ते ओट्यावर बसून हळूच ठरवून टाकत. त्या घराने आयुष्यात कधी वर्गणी दिली होती का, हा प्रश्न पावतीपुस्तकाच्या बाबतीत इतक्या काटेकोर माणसाला तिथे सुचलादेखील नाही. यादीही खिशातून निघत नसे.

'प्रकृतीच्या कारणास्तव' राजीनामा त्यांनी दर वार्षिक सभेला दिला आणि दर वर्षी तो एकमताने नामंजूर झाला. अखेरीस कारण खरे ठरले. वाचनालयात शोकसभा झाली. शोकसभेत आभार मानत नाहीत, त्यामुळे ती वेळेवर संपली. लोक थोडा वेळ तसेच बसून राहिले. पुढचे काम कायद्याचे होते. विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे नव्वद दिवसांच्या आत तशी खबर द्यावी लागते. तो फॉर्म गावात फक्त आजोबांना भरता येत असे. त्यांच्या कपाटात तो निघाला. स्वतःच्या नावापुढे 'कमी' असे सुवाच्य अक्षरात लिहून बाकी रकाने त्यांनी भरून ठेवले होते. तारखेची जागा तेवढी कोरी होती.

आजीने ठिपके वाचून भांडी वेगळी काढली, हातगाडीवर घालून देवळात पाठवली आणि पोच पावती मिळेपर्यंत गाडीवाल्याला परत येऊ दिले नाही. झारा घरचा समजून ठेवून घेतला. नव्या कार्यवाहांनी सभा वाचनालयाच्या इमारतीत घ्यायला सुरुवात केली आणि चहा समोरच्या हॉटेलातून येऊ लागला. त्या वर्षीच्या जमाखर्चात 'चहापान' हे खाते प्रथमच उघडले गेले, आणि लेखापरीक्षकांनी पहिला आक्षेप त्या रकमेवरच घेतला.