पाळण्यात वाघ कसा घालावा

घरात मूल जन्माला आलं की पहिल्या बारा दिवसांत दोन कामं उरकायची असतात. एक, बाळ कुणासारखं दिसतं यावरचं भांडण. दोन, नाव. पहिल्या कामात मार्गदर्शनाचा उपयोग नाही. दुसऱ्यासाठी, त्यातही ज्यांना बाळाच्या नावात एखादा प्राणी हवा आहे अशा पालकांसाठी, ही मार्गदर्शिका. आमच्या घरातल्या चार बारशांना मी हजर होतो आणि चारही वेळा माझं कुणी ऐकलं नाही, एवढ्या अनुभवाच्या बळावर ती लिहितो आहे.

सुरुवात प्राण्यापासून करू नका, भाषेपासून करा. मराठी माणसाला मुलाच्या नावात प्राणी चालतो, फक्त तो संस्कृतात न्हाऊन आलेला हवा. वाघ नको, शार्दूल हवा. मोर नको, मयूर हवा. मैना आजीची मैत्रीण असते आणि सारिका आईची, पक्षी तोच. बारशाला ‘बैल’ म्हणून पाहा, व्याही पंगतीतून उठतील; ‘ऋषभ’ म्हणा, तेच व्याही पेढे वाटतील. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो हे आपल्याला ठाऊक असतं, पण शार्दूल म्हटल्यावर तो निदान हात धुऊन खाईल असा आपला समज आहे. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला एका बैलाने नाबाद ८९ धावा काढून ऑस्ट्रेलियाला हरवलं आणि त्याच सामन्यात एका वाघाने सात बळी घेतले, असं कुणी सांगितलं तर आपण त्याच्या कपाळाला हात लावून पाहू. ऋषभ पंत आणि शार्दूल ठाकूर म्हटलं की ताप उतरतो.

या नियमाचा खरा कस कुत्र्यावर लागतो. शेजाऱ्याच्या मुलाला जिन्यात ‘कुत्रा’ म्हणालात तर सोसायटीची तातडीची सभा बोलावली जाईल. ‘शौनक’ म्हणालात तर तो गोड हसून ‘नमस्ते काका’ म्हणेल. शौनक म्हणजे शुनक ऋषींचा वंशज, आणि शुनक म्हणजे कुत्रा. जुन्या ऋषींना या गोष्टीची अजिबात लाज नव्हती. कश्यप म्हणजे कासव. तित्तिरी म्हणजे तितर, त्याच्यावरून तैत्तिरीय शाखा चालली. बेडकाच्या नावावरून उपनिषद आहे, मांडूक्य. एवढं असूनही आज कुणी मुलाचं नाव तितर ठेवीत नाही, म्हणजे आपण परंपरा किती पाळतो ते कळलं.

इथे एक धोक्याची सूचना. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्त नावाचा एक गरीब ब्राह्मण आहे. त्याला तीन मुलगे: शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्ही नावांचा अर्थ एकच, कुत्र्याचं शेपूट. तिसऱ्या मुलापर्यंत बापाची कल्पनाशक्ती आटते हे समजू शकतं. इथे ती पहिल्यालाच आटली होती. पुढे राजपुत्राच्या बदल्यात यज्ञात बळी द्यायला मुलगा मागितला गेला, तेव्हा थोरल्याला बापाने धरून ठेवलं, धाकट्याला आईने, आणि मधला शुनःशेप शंभर गाईंना विकला गेला. (घाबरू नका, तो वाचतो.) अजीगर्ताला अरबी येत असती तर निदान हाक मारताना घोटाळा झाला नसता. अरबी भाषेत सिंहाला इतकी नावं आहेत की असद, हैदर, उसामा आणि अब्बास हे चार भाऊ एका घरात सुखाने नांदू शकतात, चौघेही सिंह आणि चौघेही वेगळे.

मग मराठी प्राणी गेले कुठे? ते आडनावांत जाऊन बसले. वाघ, कोल्हे, लांडगे, घोडके, गाढवे, डुकरे, उंदरे, कावळे, ससाणे, ढेकणे, असं सगळं रान तिथे आहे. आडनाव निवडता येत नाही, म्हणून तिथे मराठी चाललं. नाव निवडता येतं, म्हणून तिथे संस्कृत आलं. तेव्हा पालकांनी नाव पक्कं करण्याआधी ते आडनावाला लावून मोठ्याने म्हणून पाहावं. ‘शार्दूल वाघ’ होत असेल तर थांबावं.

किंवा थांबूही नये. पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांनी हेच जाणूनबुजून केलं आणि शतकानुशतकं केलं. दोव-बेर: दोव हे हिब्रूतलं अस्वल, बेर हे यिद्दिशमधलं. ज़ेव-वुल्फ म्हणजे लांडगा-लांडगा, आर्ये-लेब म्हणजे सिंह-सिंह, त्स्वी-हिर्श म्हणजे हरीण-हरीण. हिब्रू नाव प्रार्थनेला, यिद्दिश नाव बाजारहाटाला. देवघराचा प्राणी आणि ओट्यावरचा प्राणी, दोघांना एका मुलात बसवायची ही युक्ती मला फार आवडते. या हिशेबाने शार्दूल वाघ हे जोडनावच झालं. पत्रिकेत शार्दूल, गल्लीत वाघ.

लांडग्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण युरोपात गेलात तर तो टळत नाही. वोल्फगांग, रुडॉल्फ, राल्फ या सगळ्यांच्या पोटात लांडगा आहे. मोझार्टच्याही. एडॉल्फ म्हणजे उमदा लांडगा. चांगलं चालू नाव होतं. एका गृहस्थाने ते कायमचं संपवलं. त्याला स्वतःला लांडगा म्हणवून घ्यायची इतकी हौस की पूर्व प्रशियातल्या मुख्यालयालाही लांडग्याचंच नाव दिलं होतं. तरी लांडग्याची बदनामी त्याच्या खात्यावर टाकू नये, कारण सर्बियात याच प्राण्याने एक मूल जगवलंय. वुक काराजिच, जन्म १७८७. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, त्यांना चेटकिणी खातात अशी समजूत. लांडग्याच्या वाटेला चेटकीण जाणार नाही, म्हणून याचं नाव वुक, लांडगा. हा वुक ७६ वर्षं जगला, त्याने सर्बियन भाषेची लिपी सुधारली आणि १८१८ मध्ये तिचा शब्दकोश काढला. शब्दकोश काढणाऱ्याला कुणीच खायला धावत नाही हा भाग वेगळा.

हे वाचून आपल्या दगडू, धोंडू, केरू आणि उकिरडा यांची आठवण झाली असेल तर ती बरोबर झाली. दुखणं एकच, औषध वेगळं. सर्बांनी मृत्यूला भीती दाखवली, आपण त्याला किळस आणली. चिनी लोकही आपल्याच पक्षाचे. हान काळातला मोठा कवी सीमा श्यांगरू, त्याचं लहानपणीचं नाव ‘कुत्र्याचं पोर’. खेड्यांत ‘गोऊशंग’ असंही हाकेचं नाव ठेवीत, म्हणजे कुत्र्याने खाऊन उरलेला. यापुढे कुठला यम हात लावेल?

चिनी मंडळींकडून घेण्यासारखी दुसरी पद्धत आहेराची. कन्फ्यूशियसला मुलगा झाला तेव्हा लू राज्याच्या राजाने एक कार्प मासा भेट पाठवला. बापाने मान राखून मुलाचं नाव कार्प ठेवलं. महाराष्ट्रात ही पद्धत सुरू करू नये. वर्गात निम्मी मुलं झबली आणि निम्मी दुपटी निघतील.

प्राणी हवा पण मुलाने प्राणी होऊ नये, अशी अडचण असलेल्यांसाठी मधला मार्ग आहे: मुलाला प्राणी करू नका, मालक करा. गोपाळ, गोविंद, गोवर्धन या नावांत गाय आहे, पण ती दारात बांधलेली. गोव्यातल्या फिलिपला कुणी घोडा म्हणणार नाही, पण ग्रीकमध्ये फिलिप म्हणजे घोडे आवडणारा. पारशांच्या जामास्प, लोहरास्प या नावांतला ‘अस्प’ म्हणजे आपला अश्वच. आणि खुद्द झरथुष्ट्रांच्या नावाच्या शेवटी ‘उष्ट्र’ आहे, म्हणजे उंट. एका मोठ्या धर्माच्या संस्थापकाच्या नावात उंट बसू शकतो, आणि आपण पुतण्याच्या मुलासाठी दोन अक्षरी, कुणीच न ऐकलेलं नाव मोबाइलवर शोधत बसतो.

पत्रिकेचं पुसाल तर तिथे हा निर्णय तुमच्याआधीच झालेला असतो. नक्षत्राबरोबर बाळाला एक योनीही मिळते: अश्व, गज, मार्जार, मूषक, वानर, असे चौदा प्राणी. तुम्ही नाव काहीही ठेवा, पंचवीस वर्षांनी लग्न जुळवताना मार्जार आणि मूषक समोरासमोर आले की ३६ पैकी योनीचे ४ गुण गेलेच म्हणून समजा.

राहता राहिले मराठी प्राण्याचे मराठी नाव. त्याला दोन वाटांनी परवानगी मिळते. एक, देवाचा शिक्का: मोरगावच्या गणपतीमुळे मोरेश्वर झाला, मोरेश्वराचा मोरोपंत झाला, आणि मोर उजळ माथ्याने पगडी घालून फिरला. दुसरी वाट खेड्यांनी कुणालाही न विचारता काढली. तिचं नाव पोपट. पोपट, पोपटराव, पोपटलाल, सगळे शेतावर जाणारे, सोसायटीच्या निवडणुका लढवणारे. हिवरे बाजारात पाणी अडवून गावाचा कायापालट करणाऱ्या पोपटराव पवारांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला, तोही याच नावावर, शुकराव करून घ्यावं लागलं नाही. मग शहरातल्या पोरांनी ‘पोपट होणे’ हा वाक्प्रचार चालवला आणि एका चांगल्या नावाचा खरंच पोपट झाला.

मी पुतण्याला हे सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. सूनबाईंनी विचारलं, ‘काका, चहा घेणार का?’ आत्याने बाळाच्या कानात जे नाव सांगितलं, त्यात प्राणी नव्हता, पक्षी नव्हता, अर्थही मला अजून सापडलेला नाही.

तुमच्यापैकी कुणी पोपट नाव ठेवायचं धैर्य केलंच, तर बारशाला मला जरूर बोलवा. घुगऱ्या तुमच्या, हिरवं झबलं माझ्याकडून.