सताड उघड्या भिंगाचा गृहस्थ

दोन धडधाकट डोळ्यांना समोरचे बहुतेक जग स्वच्छ दिसते, ही ईश्वराची बेशिस्त ज्यांना मनापासून खटकते, अशा हौशी छायाचित्रकारांचा एक स्वतंत्र पंथ अलीकडे लग्नमंडपांतून आणि गणपतीच्या मिरवणुकांतून नांदू लागला आहे. पंथाचा नियम एकच: लेन्सचे अॅपर्चर उघडेल तितके सताड उघडावे, आणि एकदा उघडल्यावर मिटण्याची भाषा करू नये. पंथीयाच्या गळ्यात किलोभर वजनाची ८५ मिलिमीटरची लेन्स असते आणि तिच्यावर कोरलेला १.२ हा आकडा समोरच्याला वाचता यावा अशा बेताने तो ती पोटावर विसावू देतो. एफ ८ किंवा एफ ११ वर छायाचित्र घेणे हे त्याच्या मते सर्व्हे खात्याचे काम.

दीड मीटरवरून चेहरा टिपला, तर ह्या भिंगातून जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीचा प्रदेश रेखीव उमटतो. म्हणजे डोळा धरला की नाकाचा शेंडा आणि दोन्ही कान हद्दपार. ह्याविषयी कोणी फिर्याद केलीच, तर गृहस्थ पडद्यावर चित्र मोठे करीत नेऊन एकच पापणी दाखवितो आणि म्हणतो, ‘‘शार्पनेस बघा!’’ नंतर स्टॅन्ली क्युब्रिक यांचे नाव निघणार, हे मुक्रर. १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ ह्या चित्रपटासाठी क्युब्रिक यांनी मूळ नासाकरिता घडविलेली झाइसची एफ ०.७ ची लेन्स मिळवून मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग चित्रित केले, ही हकीकत तो भक्तिभावाने सांगतो. मात्र फोकस सुटू नये म्हणून तेथील नटांना जवळजवळ निश्चल बसावे लागे, हा तपशील तो गाळतो, कारण आपल्याकडील वऱ्हाडी मंडळी निश्चल बसल्याचा दाखला कोणत्याच दप्तरी नाही.

खरी मौज दुपारी बाराच्या उन्हात. आयएसओ शंभरावर ठेवूनही १.२ ला सेकंदाच्या सोळा हजाराव्या भागाहूनही जलद शटर लागते, आणि पुष्कळ कॅमेऱ्यांची यांत्रिक शटरे आठ हजाराव्या भागापाशीच हात टेकतात. तेव्हा प्रकाशाचा कण न् कण वसूल करण्यासाठी लाखाच्या वर रुपये मोजून आणलेल्या त्या भिंगावर हा गृहस्थ एनडी फिल्टर नावाची काळी काच चढवितो आणि आत शिरणाऱ्या प्रकाशाला दारातच थोपवून धरतो. अॅपर्चर दोन पायऱ्या मिटले असते तर? हा प्रश्न मी एकदाच विचारला.

मात्र न्यायाने बोलावयाचे तर त्या दोन सेंटिमीटरांत कधीकधी खरोखर अपूर्व काही सापडते. मुंडावळ्या बांधताना नवरीच्या आजीचा एक ओलसर डोळा त्याने असा टिपला होता, की मागच्या माळेतील दिवे मध्यभागी पूर्ण गोल आणि कडेकडेला लिंबाच्या फोडीसारखे झालेले, आणि मंडपातील सारा कोलाहल त्या सोनेरी धूसरतेत लुप्त.

परंतु त्याच लग्नात अंतरपाट धरला गेला तेव्हा फोकस कापडावरील कुंकवाच्या स्वस्तिकावर जाऊन बसला, तो अंतरपाट दूर झाल्यावरही हलेना. वधूवर धुक्यातच विवाहबद्ध झाले. नवरीच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या मामांनी तर अल्बम पाहून जबाबच मागितला.

‘‘अरे, मी हिच्या मागे उभा होतो ना? हा गुलाबी गोळा कसला?’’

‘‘मामा, तो तुमचा फेटा. काय क्रीमी विरघळलाय बघा!’’

‘‘विरघळायला आलो होतो का मी सोलापूरहून?’’

मामांची कैफियत शांतपणे ऐकून घेऊन गृहस्थाने तडजोड मान्य केली. असल्या कामाला मोबाइल बरा, असे म्हणत त्याने खिशातून तो काढला, मामामामींना भिंतीशी उभे केले, आणि सर्वांत आधी पोर्ट्रेट मोड चालू केला. फेटा त्यातही निम्माच आला.