मिसमॅच

ज्या अंबरनाथने एके काळी विम्कोच्या आगपेट्यांतून घरोघरच्या चुलींना 'मॅच' पुरवली, त्याच अंबरनाथच्या एमआयडीसीत आज ज्या मालाचे उत्पादन वीज गेली तरी खंडित होत नाही, त्याचे नाव 'मिसमॅच' असावे, हा काळाचा विनोदच म्हटला पाहिजे.

वस्तुतः या शब्दाचे सोज्ज्वळ घर म्हणजे ओतशाळा. वाळूने भरलेल्या दोन पेट्या एकमेकींवर बसवून त्यांत वितळलेला धातू ओतला आणि वरची पेटी खालचीवरून सुतभर सरकलेली असली, की निवालेल्या कास्टिंगच्या सांध्यावर बोटाला लागेल अशी पायरी उमटते; तो मिसमॅच. परंतु तेथे या दोषालाही न्याय आहे. चालण्याजोगी तफावत किती, हे ड्रॉइंगवर आगाऊ नमूद असते. तेवढ्यात बसले तर कास्टिंग पास, न बसले तर ते पुन्हा भट्टीत, आणि फोरमन पेटीच्या झिजलेल्या पिना तपासून बदलवतो. कास्टिंगवर नोटीस बजावल्याचे ऐकिवात नाही.

पुढे १ जुलै २०१७ रोजी जीएसटी अवतीर्ण झाला आणि हाच शब्द पोर्टलवर विराजमान झाला. विकणाऱ्याने आपल्या विवरणात बिल चढविले नाही, की घेणाऱ्याच्या टूबी (पोर्टलने दाखविलेले क्रेडिट) आणि थ्रीबी (त्याने विवरणात मागितलेले क्रेडिट) यांत मिसमॅच निघतो. घेणाऱ्याने बिलासोबत कर चुकता केलेला असला तरी क्रेडिट त्याचेच अडते आणि खुलासाही त्यानेच करावयाचा. जुन्या दप्तरात यास 'तफावत' म्हणत. त्या शब्दात गैरसोय एवढीच, की ती कोणाच्या हातून पडली, हा प्रश्न पाठोपाठ येई. मिसमॅच मात्र पावसासारखा आपोआप पडतो.

कामगाराची गत न्यारी नाही. आधारवर विठ्ठल, पीएफच्या खात्यात विठल. अंतर एका इंग्रजी अक्षराचे, सबब वर्षानुवर्षे ज्याच्या पगारातून रक्कम कापली गेली तो इसम आणि ती परत मागणारा इसम एकच काय, याविषयी यंत्र साशंक. ओतशाळेत लोखंडाला मिळणारी सवलत येथे त्या अक्षराला नाही. तेव्हा दोन्ही नावांचा धारक एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून द्यावे, असा सल्ला कित्येकदा मिळतो. सल्ला उत्तम आहे. मात्र ज्या अंबरनाथ गावच्या शिवालयातील शिलालेख शके ९८२चा, त्या गावाचे इंग्रजी नाव आजही कोणी 'ए' घालून लिहितो, कोणी 'ई' घालून. त्यामुळे अर्जातले गाव आणि प्रतिज्ञापत्रावरचे गाव ही दोन निरनिराळी गावे ठरण्याची सोय आधीच करून ठेवलेली आहे.