सत्त्याहत्तराव्या मिनिटाचा हिशेब

लिव्हरपूल

ती. स्व. बापूकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

“एवढं महाग असेल तर स्टेडियमात जाता कशाला, टीव्हीवर बघा” हा तुमचा सल्ला पोचला. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे करण्यात तुमची हयात गेली. “ज्याचा माल, त्याचा भाव” या तुमच्या तत्त्वापुढे घरात कधी कुणाचं चाललं नाही. पण इथल्या फुटबॉलच्या सीझन तिकिटाला ते लागू पडत नाही. सीझन तिकीट म्हणजे घरच्या मैदानावरच्या 19 लीग सामन्यांसाठी एकच ठरलेली खुर्ची. पैसे आधी मोजायचे. मग संघ हरो की पाऊस पडो (तो पडतोच), खुर्ची तीच आणि शेजारी बसून पंचाचा उद्धार करणारे आजोबाही तेच.

प्रश्न असा की, यातला माल नक्की कुणाचा? करोनात, जून 2020 मध्ये, रिकाम्या स्टेडियमांत सामने सुरू झाले तेव्हा टीव्हीवाल्यांना प्रेक्षकांचा रेकॉर्ड केलेला गलका लावावा लागला. बावीस खेळाडू होते, चेंडू होता, पंचही होते, तरी नुसता खेळ बघवेना. प्रीमियर लीगने 2025 पासूनच्या चार हंगामांचे ब्रिटनमधले प्रक्षेपण हक्क 6.7 अब्ज पौंडांना विकले, त्या किमतीत हा गलकाही धरलेला आहे. तो करणारा मात्र पदरचे पैसे मोजून आत येतो, आणि वरचेवर त्याचंच तिकीट वाढवतात. वरातीत नाचणाऱ्यांकडूनच बँडचे पैसे वसूल करण्यातला हा प्रकार! तुम्ही म्हणता तसे सगळेच टीव्हीसमोर बसले, तर टीव्हीवर दिसणार काय?

तुमचा पुढचा मुद्दा मला इथूनच ऐकू येतो: क्लबने भाव कमी ठेवला तर मधला फरक ब्लॅकवाला खाईल, त्यापेक्षा क्लबने खाल्लेला काय वाईट? मुद्दा वजनदार आहे, पण त्याला तोड आधीच निघालेली आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. ज्याला सामन्याला जायला जमत नाही, तो आपली खुर्ची क्लबच्याच यंत्रणेतून दुसऱ्याला देतो आणि त्या एका सामन्यापुरते पैसे त्याला परत मिळतात. काळाबाजार त्याने संपला असं नाही, मोबाईलवर तो चालूच असतो. पण चोरटेपणाने चालतो. अमेरिकेत पुनर्विक्री राजरोस चालते. तिथे कित्येक सीझन तिकीटवाले मोठ्या सामन्यांची तिकिटं चढ्या भावाने विकून बाकीच्या सामन्यांचा खर्च काढतात, म्हणजे चाहत्याचा अडत्या होतो. तुम्हाला हे पटेल, म्हणूनच जरा दबकत लिहितोय.

“क्लब चालवायचा तर पैसा लागतोच” हेही खरं. पण तो कुणाकडून घ्यायचा याला काही रीत असावी. नोव्हेंबर 2024 मध्ये मँचेस्टर युनायटेडने भर हंगामात, उरलेल्या सामन्यांसाठी, सदस्यांच्या तिकिटाचा किमान दर 66 पौंड केला आणि लहान मुलं नि म्हातारे यांची सवलत काढून टाकली. (मँचेस्टरबद्दल वाईट बोलायला लिव्हरपूलमध्ये निमित्त लागत नाही, पण हे निमित्त खणखणीत होतं.) आमच्या गावाने हा धडा आधीच गिरवला आहे. 2016 मध्ये इथल्या क्लबने सर्वांत महाग तिकीट 77 पौंड करायचं ठरवलं. 6 फेब्रुवारीला संडरलंडविरुद्ध संघ 2-0 ने पुढे असताना बरोबर 77 व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठून बाहेर पडली. सामना 2-2 असा सुटला. आठवडा उलटायच्या आत मालकांनी माफी मागितली, वाढ मागे घेतली आणि दोन हंगाम भाव गोठवले. त्याने क्लब बुडाला म्हणावं, तर 2020 आणि 2025 मध्ये त्याच क्लबने लीग जिंकली.

आणि तिकिटांवरून भांडणं हे काही गोऱ्यांचंच खूळ नव्हे. ब्रेबॉर्न स्टेडियमच्या तिकीटवाटपावरून मुंबईत इतकी जुंपली की क्रिकेट असोसिएशनने हाकेच्या अंतरावर अख्खं वानखेडे स्टेडियम बांधलं. तेव्हा काका, भाव मालकाने ठरवावा, पण आधी माल कुणाचा ते एकदा तपासावं, एवढंच माझं म्हणणं. तुमचं उलट टपाली उत्तर येईलच. त्यात हळदीचा चालू भावही कळवा. काकूंना नमस्कार.

तुमचा (एरवी आज्ञाधारक)
पुतण्या